कॉम्बीचं इंजिन घरी उतरवताना

फोक्सवॅगन कॉम्बी ही मागे इंजिन असलेली व्हॅन. तिचं इंजिन वर उचलून निघत नाही. ते मागे सरकतं, मग खाली उतरतं. त्यामुळे क्रेन किंवा चेन पुली लागत नाही. एक ट्रॉली जॅक आणि दोन माणसं पुरतात. इथे दिलेली पद्धत 1968 ते 1979 च्या गाडीची आहे. हवेने थंड होणारं, पंखा उभा असलेलं 1600 सीसीचं इंजिन त्यात धरलं आहे. 1700 ते 2000 सीसीचं चपटं इंजिन जड आहे आणि त्याची जोडणीही वेगळी, त्याला हे जसंच्या तसं लावू नका. ब्राझीलमध्ये 2006 पासून बनलेल्या गाड्यांना पाण्याने थंड होणारं इंजिन आहे, तो विषयच निराळा.

आधी जागा बघा. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, तिच्यावर जॅक उभा करू नये. अंगणात शहाबादी फरशी असेल तर हातोडीने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर वजन पडताच ती फुटणार. सिमेंटचा कोबा सगळ्यात चांगला. तो नसेल तर 18 मिमीचा प्लायवूड किंवा जाड लोखंडी पत्रा अंथरा. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक गाडीखाली अजिबात ठेवू नका, ते न सांगता चुरा होतात. गाडी जॅक स्टँडवरच ठेवा, आणि स्टँड चॅसीच्या मजबूत भागाखाली असावेत. हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो आणि तीच चाकं उचललेली असतात. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर ठोका.

किती उंच उचलायचं हे अंदाजाने ठरवू नका. इंजिनच्या तळापासून पंख्याच्या घराच्या माथ्यापर्यंत टेपने मोजा आणि त्यात जॅकच्या तबकडीची सर्वात खालची उंची, फळीची जाडी आणि वर 5 सेंमी मिळवा. मागच्या पत्र्याखाली तेवढी मोकळी जागा हवी. 1971 पर्यंतच्या गाडीत हा पत्रा बोल्टवर असतो, तो काढला की काम सोपं. 1972 पासून तो वेल्ड केलेला आहे.

काम सकाळी, रात्रभर थंड झालेल्या इंजिनवर सुरू करा. सगळ्यात आधी बॅटरीची अर्थची वायर काढा. पेट्रोलची टाकी इंजिनच्या पुढे आणि वरच्या अंगाला असल्याने नळी सुटली की पेट्रोल आपोआप वाहायला लागतं. मे महिन्याच्या उन्हात त्याची वाफ लगेच पसरते. नळी क्लॅम्पने दाबा, मगच सोडा आणि नळीच्या तोंडात 6 मिमीचा बोल्ट घालून क्लिप आवळा. आसपास बिडी, चूल, हॅलोजन काही नको, उजेडाला एलईडी घ्या.

मग एअर क्लीनर आणि वायरी काढा. कॉइल, डायनॅमो किंवा अल्टरनेटर, ऑइल प्रेशर स्विच, कार्बोरेटरचा चोक आणि आयडल कटऑफ अशा त्या वायरी आहेत. प्रत्येकीला चिकटपट्टी लावून नाव लिहा आणि फोटो काढून ठेवा. अ‍ॅक्सिलरेटरची केबल कार्बोरेटरच्या लिव्हरवर छोट्या नळकांड्यात धरलेली असते. ते बारीक नळकांडं पडलं की पत्र्यांत हरवतं, म्हणून लगेच डबीत ठेवा. हीटरच्या दोन केबल आणि दोन पाईपही सोडवा. स्टार्टरच्या वायरी तशाच राहू द्या, स्टार्टर गिअरबॉक्सवर राहतो. ऑइल काढायचं असेल तर अडीच लिटर मावेल असं भांडं ठेवा.

इंजिन आणि गिअरबॉक्स चार ठिकाणी जोडलेले आहेत, पाना 17 चा. खालचे दोन नट गाडीखालून सुटतात. वरचे दोन त्रास देतात. एकाने मागून पंख्याच्या घरामागे हात घालून एक टोक धरायचं, दुसऱ्याने खालून दुसरं फिरवायचं. काही इंजिनांत एक बाजू अडकवलेलीच असते, तिथे एकाच माणसाने भागतं. गंज असेल तर आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारा. जोर लावून आटे गेले तर अ‍ॅल्युमिनियमच्या केसचं काम वाढतं.

शेवटचे बोल्ट सोडण्याआधी जॅक लावा. मध्ये रुंद फळी हवी. जॅकचा भार तळाच्या जाळीच्या पातळ झाकणावर किंवा बाजूच्या पुशरॉडच्या नळ्यांवर आला तर ते दबतात आणि पुढे तिथूनच ऑइल गळतं. गिअरबॉक्सलाही खालून लाकूड द्या किंवा जाड पट्ट्याने वर बांधा. मागे आडवा सपोर्ट असेल तर त्याच्या दोन्ही टोकांचे बोल्ट सोडा.

खरं काम आता आहे. इंजिन सुमारे 10 सेंमी सरळ, समपातळीत मागे यायला हवं, तोवर एक सूतही खाली नाही. क्लचप्लेट शाफ्टवरून पूर्ण निघण्याआधी जॅक सोडला तर सव्वाशे किलोच्या आसपासचं वजन गिअरबॉक्सच्या शाफ्टवर लटकतं आणि प्लेट वाकते. अडकलं तर ओढू नका. जॅक इकडेतिकडे करून दोन्ही तोंडांमधली फट चारी बाजूंनी सारखी आहे का ते बघा. एका बाजूने फट जास्त दिसली तर इंजिन तिरकं आहे. शाफ्ट बाहेर दिसला की हळूहळू खाली घ्या, दुसऱ्याने पंख्याच्या घराला हात धरून ठेवावा. गिअरबॉक्सचं उघडं तोंड स्वच्छ कापडाने झाका, धूळ बेअरिंगमध्ये गेली तर बसवताना कळत नाही.

इंजिन खाली आहे तोवर फ्लायव्हीलचं सील, क्लचप्लेट आणि रिलीज बेअरिंग तपासा. आत ओल असेल तर वास घ्या, गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो. तसा वास आला तर गळती गिअरबॉक्सची, नाहीतर इंजिनची. क्रँकशाफ्टची पुढे-मागे हालचाल 0.07 ते 0.13 मिमी असावी, 0.15 च्या वर गेली तर इंजिन उघडावं लागतं.

बसवताना क्लचप्लेट मध्यावर धरायला डमी शाफ्ट लागतो. चिकलठाणा, जालना किंवा लातूरच्या औद्योगिक वसाहतीतला कुठलाही लेथवाला नायलॉनच्या रॉडमधून तो करून देईल, फक्त मापं शाफ्टवरूनच घ्या. इंजिन जाईना तर 30 च्या पान्याने क्रँकची पुली थोडी फिरवा म्हणजे शाफ्टचे आणि क्लचप्लेटचे दाते जुळतात. बोल्ट आवळून इंजिन आत ओढायचं नाही, त्याने केस तडकते. तोंडं टेकल्यावर चारही जोड 30 न्यूटन मीटरने आवळा.

इंजिनभोवतीचे पत्रे आणि त्यांचं रबर अनेकजण घाईत सोडून देतात. ते नसले की एक्झॉस्टची गरम हवा पंखा परत आत ओढतो, आणि 42 अंशांच्या दुपारी इंजिन तापून बसतं. प्रत्येक स्क्रू परत लावा, फाटलेलं रबर बदला. पेट्रोलची नळी नवीनच घाला. गाडी चालू करून दोन-तीन मिनिटांनी त्या नळीच्या दोन्ही टोकांना बोट लावून ओल बघा.