आधी ती उशी काढा: फोन चार्ज करताना या चुका टाळा

गादीवर ठेवलेला, जाड कव्हर चढवलेला, वरून उशी पडलेला फोन रात्रभर चार्जिंगला लावणाऱ्यांशी वाद घालून मी थकलो आहे. हीच मंडळी मग विचारतात, ‘चार्जर ऐंशी टक्क्यांना काढावा की पंच्याऐंशीला?’ अहो, आधी ती उशी काढा.

फोनमधल्या लिथियम-आयन बॅटरीला सगळ्यात जास्त बाधते ती उष्णता. चार्ज होताना ती थोडी तापणारच. पण ती ऊब बाहेर पडायला वाट नसेल, तर आतल्या नको त्या रासायनिक क्रिया वेग घेतात आणि क्षमता कायमची घटते. ॲपल आणि सॅमसंग दोघेही फोन 0 ते 35 अंश सेल्सिअसमध्ये वापरा म्हणून सांगतात. उशीखाली काय तापमान होत असेल, विचार करा.

माझ्या मावसभावाला फोन चार्जिंगला लावूनच गेम खेळायची खोड. फास्ट चार्जर, रबरी कव्हर, वरून पांघरूण. शेवटी फोननेच ‘तापमान जास्त, चार्जिंग थांबवले आहे’ असा इशारा दिला. यावर पठ्ठ्याने फोन फ्रीजरमध्ये ठेवला आणि गार होताच पुन्हा चार्जरला जोडला! म्हणे, व्हिडिओत पाहिलं होतं. गारठलेला फोन बाहेरच्या दमट हवेत आला की आतसुद्धा दव धरतं. शिवाय बॅटरीतला सेल शून्य अंशाच्या खाली गारठलेला असताना चार्ज केला, तर लिथियम सेलमधल्या ग्रॅफाइटच्या थरात शिरण्याऐवजी त्याच्यावर धातू होऊन साचतं, आणि त्यातलं बरंचसं पुन्हा कामाला येत नाही. पुढे त्या फोनची स्क्रीन एका कडेने उचलली गेली. ‘गोंद सुटलाय’ असं समजून हा ती रोज अंगठ्याने दाबून बसवायचा. फुगली होती बॅटरी. अशी बॅटरी दाबणं किंवा टोचणं म्हणजे आगीला आमंत्रण. फोन बंद करायचा, चार्जर लावायचा नाही आणि सरळ दुरुस्तीला न्यायचा.

फोन तापला तर मी चार्जर आणि कव्हर काढतो, तो टेबलावर पंख्याखाली ठेवतो आणि पंधरा मिनिटं हात लावत नाही. एवढा वेळ फोनविना राहवत नाही, हेच बहुतेकांचं खरं दुखणं.

दुसरी चीड आणणारी चूक म्हणजे ‘पूर्ण उतरू द्या, मग पूर्ण भरा’. हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला. लिथियम-आयन बॅटरी 1991 साली बाजारात आली, तरी तो अजून घरोघरी दिला जातो. या बॅटरीला पूर्ण रिकामं होणं मानवत नाही आणि तासन्‌तास शंभरावर बसून राहणंही नाही, कारण तिथे सेलचा व्होल्टेज सगळ्यात चढा असतो. वारंवार थोडंथोडं चार्ज केल्याने आयुष्य कमी होतं, ही भीतीही निराधार. आज 50 टक्के आणि उद्या 50 टक्के भरले, तर दोन्ही मिळून एकच सायकल, म्हणजे पूर्ण चार्जची एक फेरी, मोजली जाते.

मी पंचवीस-तीसवर लावतो आणि ऐंशीच्या आसपास काढतो. प्रवासाच्या दिवशी बिनदिक्कत शंभर करतो, त्याचं मनाला लावून घेत नाही. बऱ्याच नव्या फोनमध्ये ऐंशी टक्क्यांची मर्यादा सेटिंगमध्येच असते. आयफोनमध्ये ती 2023 च्या आयफोन 15 पासून आली. एकदा चालू करा आणि दर दहा मिनिटांनी टक्के बघणं सोडा.

फास्ट चार्जिंगला मी शत्रू मानत नाही. बॅटरी भरत आली की फोन स्वतःच वेग कमी करतो. तरी रात्री घाई नसते, म्हणून तेव्हा साधा चार्जर.

वायरलेस पॅडवर फोन तिरका ठेवला की वीज वाया जाते आणि उष्णता वाढते. नीट मधोमध ठेवा.

पिनेजवळ सोललेली केबल टेप गुंडाळून वापरू नका. फेका.

टक्के अचानक 30 वरून 5 वर उडी मारत असतील, तर एकदा पूर्ण उतरवून पूर्ण भरायला हरकत नाही. त्याने आकड्याचा अंदाज सुधारतो, झिजलेली बॅटरी नवी होत नाही.

आणि जुना फोन कपाटात टाकणार असाल, तर निम्मा चार्ज करून, बंद करून, थंड जागी ठेवा. सहा महिन्यांनी काढून पुन्हा पन्नास टक्क्यांपर्यंत भरा. शून्यावर पडून राहिलेली बॅटरी इतकी खोल उतरू शकते की नंतर चार्जच घेत नाही.