टपोरी पोरांचे जुने भूतबंगला-पट: पाहताना या चुका टाळा

पडद्यावर ड्रॅक्युला साकारलेल्या बेला लुगोसीचं नाव वाचून ‘स्पूक्स रन वाइल्ड’ (1941) लावायचा आणि थोड्याच वेळात ‘भीती कुठेय?’ म्हणत बंद करायचा, ही सर्रास होणारी चूक. हा भयपट नाहीच. मोनोग्रामसारख्या तुटपुंज्या पैशांत चालणाऱ्या हॉलिवूडच्या स्टुडिओसाठी सॅम कॅट्झमनने काढलेला, जेमतेम तासाभराचा विनोदी रहस्यपट आहे हा. न्यूयॉर्कच्या गल्लीबोळांतली पोरं डोंगरातल्या शिबिराला जातात, त्या भागात एक खुनी मोकाट असतो, आणि आपल्यातल्या जखमी पीवीला घेऊन ती रात्री एका बंगल्यात शिरतात. तिथे लुगोसी! 1931च्या ड्रॅक्युलाची छाया त्याच्यावर होतीच. पटकथा तिचाच फायदा उठवत आपल्याला झुलवते. म्हणून आधी कथासार वाचू नका. भुतापेक्षा पोरांकडे पाहा. लिओ गॉर्सीच्या मग्जचा तोरा आणि हंट्झ हॉलच्या ग्लिम्पीची घाबरगुंडी, खरी मजा तिथे आहे.

शोधताना नावांचा घोळ हमखास होतो. 1935च्या ‘डेड एंड’ नाटकातली पोरं 1937च्या चित्रपटात आली, ती डेड एंड किड्स. त्यांतलेच काही जण 1940 ते 1945 ईस्ट साइड किड्स झाले (‘स्पूक्स रन वाइल्ड’ त्यांचाच) आणि 1946 ते 1958 बॉवरी बॉइज. चेहरे ओळखीचे, पण पात्रं वेगळी. मग्ज साकारणारा गॉर्सी पुढे स्लिप होतो. ‘स्पूक बस्टर्स’ (1946) बॉवरी बॉइजच्या यादीत शोधा.

प्रत निवडताना घाई नको. ‘स्पूक्स रन वाइल्ड’ आणि ‘घोस्ट्स ऑन द लूज’ (1943) यांचे हक्क संपल्याने इंटरनेटवर वाट्टेल तशा प्रती फिरतात. काहींत मेणबत्तीच्या उजेडातले प्रसंग नुसते काळे दिसतात. दोन-तीन प्रतींतला रात्रीचा एकच प्रसंग ताडून पाहा, मग ठरवा. चेहरे पसरट दिसले तर टीव्ही 4:3 या जुन्या, कमी रुंद आकारावर आणा. आपोआप उमटणाऱ्या सबटायटल्सवरही विसंबू नका: गॉर्सी मुद्दाम शब्दांची मोडतोड करतो, यंत्र ते सुधारून टाकतं आणि विनोदच मरतो.

‘घोस्ट्स ऑन द लूज’मध्ये नवदांपत्याचं घर सजवायला निघालेली पोरं चुकून शेजारच्या बंगल्यात घुसतात. नवरी म्हणजे तेव्हा फारशी कुणाला माहीत नसलेली अॅव्हा गार्डनर. साल 1943, महायुद्ध ऐन भरात, हे ध्यानात ठेवून पाहा. बंगल्यात काय दडलंय याचा अर्थ लागेल.

आणखी एक. टोळीतल्या कृष्णवर्णीय सनशाइन सॅमी मॉरिसनच्या स्क्रूनोवर केलेले वर्णद्वेषी विनोद ‘जुना काळ’ म्हणून गिळू नका. ते बोचतात, बोचायलाच हवेत. पण त्यापायी मॉरिसनकडे दुर्लक्ष करणं ही त्याहून मोठी चूक ठरेल. ‘अवर गँग’ या लहान मुलांच्या विनोदी मालिकेच्या मूकपटांपासून पडद्यावर असलेला हा नट टोळीत सर्वांत मुरलेला होता. तो फ्रेममध्ये असताना त्याच्याच चेहऱ्यावर नजर ठेवा.