झोपेचं इंजेक्शन सुरू करण्याआधी घरच्यांनी काय करावं, आणि नंतर काय

मी पुण्यात घरोघरी जाऊन शेवटच्या टप्प्यातले पेशंट बघणारी नर्स आहे. "सिस्टर, आता बघवत नाही, झोपवून टाका एकदाचं," असं घरचे म्हणतात. आणि त्याच दमात हळूच विचारतात, "पण मग आपणच मारलं असं नाही ना होणार?" या दोन्ही प्रश्नांसाठी हे लिहिते आहे.

पहिली गोष्ट, आपल्याला बघवत नाही म्हणून हे औषध देत नाहीत. पेशंटला सोसवत नाही आणि बाकी उपाय करून झाले, तेव्हाच देतात. त्यामुळे तगमग सुरू झाली की आधी पोट चाचपून बघा. एका काकांनी रात्रभर चादरी फेकल्या, शिव्या दिल्या. घरच्यांना वाटलं, आता शेवट आला. लघवी तुंबली होती. नळी घातल्यावर पिशवी भरली आणि काका घोरायला लागले. चार दिवस संडास न होणं, ताप, ओलं डायपर, चुकलेला मॉर्फिनचा डोस, नव्यानेच सुरू केलेली एखादी गोळी, हे सगळं डॉक्टरांना सांगा. यातलं काही सुधारता आलं तर झोपवायची गरजच पडत नाही.

सगळं करूनही धाप, भ्रम, वेदना किंवा झटके थांबत नसतील आणि आयुष्य काही तासांचं, काही दिवसांचं, फार तर एखाद-दोन आठवड्यांचं उरलंय असं डॉक्टरांना वाटत असेल, तर पॅलिएटिव्ह सिडेशनचा, म्हणजे त्रास जाणवू नये म्हणून औषधाने झोपवण्याचा, विचार होतो. बहुतेक वेळा औषध असतं मिडॅझोलॅम. पोटाच्या किंवा दंडाच्या कातडीखाली बारीक सुई बसवतात आणि पंपाने थेंबथेंब औषध जातं, त्यामुळे घरीही देता येतं. सुरुवात कमी डोसने होते आणि त्रास थांबेल तेवढंच वाढवतात. काहींना फक्त रात्रीपुरतं देऊन सकाळी कमी करतात, म्हणजे नातवाशी दोन शब्द बोलता येतात.

मॉर्फिन मात्र झोपेचं औषध नाही. ते वेदना आणि धापेसाठी आहे. झोप यावी म्हणून मॉर्फिन वाढवत नेलं तर अंगाला झटके येतात, भ्रम वाढतो. उलट, पेशंट झोपला म्हणून मॉर्फिन बंदही करायचं नाही. दुखणं चालूच असतं, सांगता येत नाही इतकंच.

मारण्याचा प्रश्न. त्रासाच्या प्रमाणात दिलेल्या सिडेशनने मरण अलीकडे आलेलं अभ्यासांत दिसलेलं नाही. माणूस जातो तो आजाराने. जीव घेण्यासाठी औषध देणं आपल्याकडे बेकायदा आहे, आणि सिडेशनमध्ये तो हेतूही नसतो. सर्वोच्च न्यायालयाचा ९ मार्च २०१८ चा निकाल वेगळ्या गोष्टीचा आहे: व्हेंटिलेटरसारखे उपचार थांबवणं आणि त्याबद्दल आधीच लिहून ठेवलेली इच्छा. जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी झाली, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. तसा कागद केलेला असेल तर डॉक्टरांना दाखवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बोलणं पहिल्या इंजेक्शनच्या आधी उरका. डोस वाढला की पेशंट पुन्हा नीट जागा होईल याची खात्री नसते. पेशंट शुद्धीत असेल तर त्यालाच विचारा. आजीला काही कळू द्यायचं नाही, असं ठरवणारी मुलं मला दर महिन्याला भेटतात आणि आजीला सगळं आधीच माहीत असतं. अमेरिकेतल्या धाकट्याचा व्हिडिओ कॉल, कुणाची माफी, कुणाला द्यायची पाटली, सगळं तेव्हाच. (बँकेच्या सह्यांसाठी त्या क्षणी उशाशी बसणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.) डॉक्टरांना स्पष्ट विचारा: "किती गाढ झोपवणार? मध्ये जागं करून बघणार का? रात्री दोन वाजता फोन कोण उचलेल?" संमती लेखी द्या आणि निर्णय कुणा एकाने सांगायचा ते घरात ठरवा. नाहीतर नागपूरहून आलेली आत्या सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

औषध सुरू झालं की काम तुमचं. दोन-तीन तासांनी कूस बदला. ओल्या कापसाने तोंड पुसा, ओठांना व्हॅसलीन लावा. डोळे अर्धे उघडे राहत असतील तर डॉक्टरांनी दिलेले थेंब घाला. तोंडात चमच्याने पाणी घालू नका, ते फुफ्फुसात जातं. गंगाजल-तुळस द्यायचीच असेल तर बोट ओलं करून ओठांना लावा, तेवढं पोचतं. सलाइन द्यायचं की नाही हा वेगळा निर्णय आहे. या दिवसांत जास्त पाण्याने अंग सुजतं, घरघर वाढते. घरघर ऐकवत नाही, पण गाढ झोपेतल्या माणसाला तिचा त्रास होत नसावा असंच मानलं जातं. कुशीवर वळवा, फारच असेल तर औषध मागा. कपाळाला आठ्या, कण्हणं, हात झटकणं दिसलं तर फोन करा. पंपाला स्वतः हात लावू नका. आणि "ओळखलंत का मला?" म्हणत खांदे हलवणाऱ्या पाहुण्यांना दाराबाहेर चहा द्या. बोलायचं असेल तर कानाशी हळू बोलू दे, ऐकू येत असेल असं धरूनच आम्ही वागतो.

श्वास थांबून थांबून यायला लागले की घाबरून १०८ ला फोन जातो आणि पेशंट कॅज्युअल्टीत पोचतो. म्हणून मृत्यूच्या कारणाचा डॉक्टरी दाखला, म्हणजे घरी झालेल्या मृत्यूसाठीचा ४-अ नमुना, कोणते डॉक्टर देणार हे आधीच ठरवा. त्यांचा नंबर, पेशंटचं आधार कार्ड आणि फाइल एकाच पिशवीत दाराजवळ ठेवा. उरलेले अँप्यूल आणि सुया कचऱ्यात टाकायच्या नाहीत, त्या आम्ही परत घेऊन जातो.