राज्यव्यवस्थेच्या पेपरमध्ये या चुका टाळा: कलम पाठ, तत्त्व गायब

सराव चाचण्या तपासताना एक गोष्ट वारंवार दिसते. कलम 368 घटनादुरुस्तीचं, 42 वी घटनादुरुस्ती 1976 ची, हे विद्यार्थ्याला झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. तरीही उत्तर चुकतं, कारण लोकसेवा आयोग नुसता आकडा विचारत नाही. ती तरतूद कशासाठी आहे हे कळलं नसेल तर चारपैकी दोन पर्याय सारखेच बरोबर वाटू लागतात, आणि निगेटिव्ह मार्किंगमध्ये हातचे गुणही जातात.

सगळ्यात जास्त गुण बहुमताच्या प्रकारांत जातात, म्हणून आधी तेच बघू. मी फळ्यावर एवढंच लिहितो: लोकसभा 543, मतदान करणारे 400, बाजूने 267. घटनादुरुस्ती मंजूर झाली का? बहुतेक हात ‘हो’ म्हणून वर जातात. 400 चे दोन तृतीयांश 267 होतात, मग अडलं कुठं? अडलं ते दुसऱ्या अटीवर. कलम 368 ला हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश तर लागतातच, शिवाय सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमतही लागतं, म्हणजे 272. पाच मतं कमी पडली, विधेयक पडलं. आता 500 जण मतदान करतात असं धरा. तेव्हा 272 पुरत नाहीत, 334 लागतात. दोन्ही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. सभागृह अर्धं रिकामं असताना मूठभर सदस्यांना संविधान बदलता येऊ नये, यासाठी ही सोय आहे. हे एकदा मनात बसलं की सूत्र विसरलं तरी अट आठवते.

राष्ट्रपतींवरील महाभियोगात (त्यांना पदावरून दूर करण्याची कार्यवाही, कलम 61) दोन तृतीयांश मोजायचे ते एकूण सदस्यसंख्येचे. लोकसभेत 362, मतदान कितीही जणांनी केलेलं असो. ‘उपस्थित’ आणि ‘एकूण’ या दोन शब्दांची अदलाबदल करून विधान दिलं जातं, आणि घाईत वाचणारा तिथेच फसतो. नवं राज्य निर्माण करायला मात्र साधं बहुमत, म्हणजे हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त, पुरतं. कलम 4 नुसार तो कायदा 368 च्या अर्थाने घटनादुरुस्ती मानला जात नाही. याउलट राष्ट्रपतींच्या निवडणुकीची पद्धत बदलायची तर विशेष बहुमत (कलम 368 च्या वरच्या दोन्ही अटी) आणि वर किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मंजुरी, दोन्ही हवं. संघराज्याचा करार राज्यांना न विचारता बदलायचा नाही, हे त्यामागचं तत्त्व.

दुसरी मोठी गल्लत म्हणजे लोकशाही आणि प्रजासत्ताक (म्हणजेच गणराज्य) हे शब्द एकाच अर्थाने वापरणं. ब्रिटनमध्ये लोकशाही आहे, पण राष्ट्रप्रमुखपद वंशपरंपरेने येतं, म्हणून ते प्रजासत्ताक नाही. आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत ‘लोकशाही गणराज्य’ असे दोन्ही शब्द आहेत, ते उगाच नाहीत.

तशीच गल्लत संविधान असणं आणि संविधानिक शासन असणं यांत होते. लिखित संविधान हुकूमशहाकडेही असू शकतं. सत्तेवर खरोखर मर्यादा आहे का, आणि ती मोडली तर दाद मागता येते का, ही खरी कसोटी. ब्रिटनचं संविधान एका ग्रंथात लिहिलेलं नाही, तरी तिथे ही मर्यादा पाळली जाते. भारतात केशवानंद भारती खटल्यात (24 एप्रिल 1973) सर्वोच्च न्यायालयाच्या 13 न्यायाधीशांच्या पीठाने 7 विरुद्ध 6 अशा निकालाने सांगितलं की संसद संविधानाच्या कोणत्याही भागात दुरुस्ती करू शकते, पण त्याची मूलभूत संरचना, म्हणजे त्याचा गाभा, नष्ट करू शकत नाही. विद्यार्थी यातला पहिला भाग हमखास विसरतात आणि ‘मूलभूत हक्कांत दुरुस्ती करता येत नाही’ या विधानावर बरोबरची खूण करतात. ती भूमिका 1967 च्या गोलकनाथ खटल्यातली होती. 1973 मध्ये ती बदलली.

संसदीय पद्धतीत एकच प्रश्न स्वतःला विचारत जा: कोण कोणाला जबाबदार? कलम 75(3) म्हणतं, मंत्रिपरिषद लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार. ‘संसदेला’ असं छापलेलं विधान म्हणूनच चुकीचं. एवढ्यावरून पुढचं आपोआप उलगडतं. अविश्वास प्रस्ताव लोकसभेतच येतो. धनविधेयक (कर आणि सरकारी खर्चाचं विधेयक) राज्यसभा 14 दिवसांपेक्षा जास्त रोखू शकत नाही, कारण लोकांच्या पैशाचा हिशेब थेट लोकांनी निवडलेल्या सभागृहापुढेच द्यायचा असतो. वेगवेगळ्या तरतुदी घोकण्यापेक्षा हा धागा धरणं कितीतरी सोपं.

मूलभूत हक्कांच्या (संविधानाचा भाग तीन) बाबतीत थोडक्यात. कलम 15, 16, 19, 29 आणि 30 फक्त नागरिकांना. 14 आणि 21 भारतातल्या प्रत्येक व्यक्तीला. मतदानाचा अधिकार कलम 326 मध्ये आहे, भाग तीनमध्ये नाही. मालमत्तेचा हक्क 44 व्या घटनादुरुस्तीने (1978) भाग तीनमधून निघाला आणि 300क मध्ये गेला. तो रद्द झाला असं लिहू नका.

चाचणी दिल्यावर नुसते गुण मोजून थांबू नका. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर वहीत लिहा: आकडा विसरलो, शब्द निसटला की कारणच माहीत नव्हतं? ‘शब्द निसटला’ जास्त वेळा आलं तर पुढच्या चाचणीत ‘फक्त’, ‘सर्व’, ‘एकूण’, ‘उपस्थित’ हे शब्द पेन्सिलने अधोरेखित करूनच पर्यायांकडे वळा. ‘कारण माहीत नव्हतं’ जास्त आलं, तर नवा प्रश्नसंच सोडवायची घाई नको. ते प्रकरण पुन्हा पहिल्यापासून वाचा.