अ‍ॅरिझोनातलं दगडी रान: गोव्याहून जाताय? या चुका टाळा

गाडी गेटातून आत शिरून दहा मिनिटं झाली आणि मागच्या सीटवरून बाबांनी विचारलं, "अरे, पण रान खंय आसा?"

समोर लाल-गुलाबी मातीचे थर, भणाणणारा वारा आणि नजर पोचेल तिथवर झाड म्हणून नाही. गोव्यातल्या सांग्याच्या माणसाला 'फॉरेस्ट' म्हटलं की नेत्रावळीचं जंगल आठवणार, यात बाबांचं काय चुकलं? चुकलं होतं माझं. दादाकडे फिनिक्सला गेलोय, तर ग्रँड कॅनियनसोबत हेही उरकू, एवढ्याच तयारीवर मी पेट्रिफाइड फॉरेस्ट नॅशनल पार्क यादीत घातलं होतं. 'उरकू' हीच पहिली चूक. दर उन्हाळ्यात आपल्याकडचे कितीतरी आईवडील मुलांकडे अमेरिकेला जातात, म्हणून बाकीच्या चुकाही सांगून टाकतो.

उभं जंगल शोधू नका

इथली झाडं आडवी आहेत, आणि ती दगडाची आहेत. वीस कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी, ट्रायासिक युगाच्या शेवटी, ही जमीन विषुववृत्ताजवळ होती. नद्या, दलदल, उंच सूचिपर्णी झाडं असा सगळा थाट होता. म्हणजे आजच्या अ‍ॅरिझोनापेक्षा आपल्या सांग्याला जास्त ओळखीचा. उन्मळलेले बुंधे नदीच्या गाळात पुरले गेले. त्या गाळात ज्वालामुखीची राख होती. राखेतली सिलिका पाण्यात विरघळून लाकडात झिरपली आणि लाकडाच्या जागी क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटी, तयार झालं. लोहामुळे लाल-पिवळा रंग आला, मँगनीजमुळे काळा-जांभळा.

बुंध्यांचे तुकडे इतके सरळ पडलेत की करवतीने कापल्यासारखे दिसतात. आमच्या वहिनीने ठामपणे सांगितलं की लोकांना बघता यावं म्हणून सरकारने ते कापून ठेवलेत. कुणी कापलेले नाहीत. क्वार्ट्झ कडक असतं पण ठिसूळ. जमीन वर उचलली जाताना पुरलेल्या ओंडक्यांवर ताण आला आणि ते खडूसारखे मोडले.

चुकीच्या टोकाला वेळ घालवू नका

पार्कमधून जाणारा रस्ता २८ मैलांचा, म्हणजे सुमारे ४५ किलोमीटरचा. उत्तरेचं गेट आय-४० महामार्गाच्या ३११ क्रमांकाच्या एक्झिटवर आहे, दक्षिणेचं १८० क्रमांकाच्या हायवेवर, होलब्रूकहून जवळ. उत्तरेला मुख्यतः पेंटेड डेझर्टची रंगीत माती आहे. दगडी ओंडक्यांची खरी गर्दी दक्षिणेला. आम्ही दुपारी उत्तरेकडून शिरलो, पहिल्या चार थांब्यांवर फोटोंत रमलो आणि क्रिस्टल फॉरेस्ट, जायंट लॉग्ज या मुख्य जागा अक्षरशः धावत पाहिल्या. कारण पार्क साधारणपणे सकाळी ८ ते संध्याकाळी ५ एवढंच उघडं असतं आणि पाचला गेट खरंच बंद होतं. आपल्यासारखं 'पाच मिनिटं, सायबा' चालत नाही.

फिनिक्स किंवा फ्लॅगस्टाफकडून येत असाल तर होलब्रूकला उतरून दक्षिण गेटाने शिरा. ओंडके आधी पाहा, रंगीत माती शेवटी. उतरत्या उन्हात तीही जास्त खुलते. आत राहायला हॉटेल नाही, गाडी लावून झोपायची सोयही नाही, म्हणून मुक्काम आदल्या रात्री होलब्रूकलाच करावा.

घड्याळाचीही एक गंमत आहे. अ‍ॅरिझोनात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, पण शेजारच्या नावाहो आदिवासींच्या प्रदेशात आणि न्यू मेक्सिकोत करतात. तिकडून येत असाल तर फोनवरच्या वेळेवर डोळे झाकून विसंबू नका.

शिल्पं पाहायची म्हणजे उसगाळीमळ नव्हे

इथे मी सर्वात जास्त फसलो. गोव्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळला जांभ्या कातळावरचे बैल, चक्रव्यूह मी लहानपणापासून पाहिलेले. १९९३ साली ती शिल्पं अभ्यासकांच्या नजरेत आली, पण आजूबाजूच्या लोकांना ती गुराख्यांनी कोरलेली म्हणून आधीपासून ठाऊक होती. तिथे आपण कातळावरच उभे असतो. चित्र पायाशी असतं आणि तिरपं ऊन पडलं की रेषेत सावली भरून ते उठून येतं.

अ‍ॅरिझोनात गणित वेगळं. वाळवंटातल्या खडकावर लोह-मँगनीजचा काळपट थर चढतो. तो टोचून काढला की आतला फिका दगड दिसतो. तीच रेष, तेच चित्र. म्हणजे तिथे खेळ खोलीचा, इथे रंगाचा. 'न्यूजपेपर रॉक'वर अशी ६५० हून अधिक चित्रं आहेत, ६५० ते २००० वर्षांपूर्वीची. पण त्या खडकापाशी उतरता येत नाही. वरच्या कठड्यावरून, तिथे बसवलेल्या दुर्बिणीतून पाहावं लागतं. आम्ही मोबाइल झूम करून करून दमलो. घरातली साधी दुर्बीण सोबत न्या, पैसे वसूल होतील.

जवळून पाहायचं तर प्वेर्को प्वेब्लोला थांबा. इसवी सन १२५० ते १३८० च्या सुमारास शंभरावर खोल्यांचं हे गाव नांदतं होतं. आज पायाच्या भिंती उरल्यात. इथल्या एका खडकावर कोरलेल्या वर्तुळावर २१ जूनच्या आसपास सकाळी उन्हाची तिरीप नेमकी येते. आमची तारीख हुकली, तुमची जुळवता आली तर जुळवा. चित्रांना हात मात्र लावू नका. हाताचं तेल दगडाला लागतं आणि थर खराब होतो.

खाणं-पाणी, थंडी

उंची सुमारे ५,४०० फूट. घाम येतो पण लगेच वाळतो, म्हणून आपल्याला तहान कळतच नाही. माणशी तीन-चार लिटर पाणी ठेवा. आईने सोलांचं पाणी भरून घेतलं होतं, ते सर्वांच्या आधी संपलं. जेवण फक्त उत्तर टोकाला मिळतं. जुलै ते सप्टेंबर दुपारी गडगडाटी पाऊस येतो, तिथलेही लोक त्याला मान्सूनच म्हणतात. विजा कडाडू लागल्या की गाडीत बसा. हिवाळ्यात बर्फ पडतो, गोव्याचा स्वेटर पुरणार नाही.

खडा खिशात घालू नका

अगदी नखाएवढाही. तो गुन्हा आहे आणि बाहेर पडताना रेंजर विचारतात. पूर्वी नेलेले तुकडे लोक पश्चात्तापाच्या पत्रांसकट पोस्टाने परत पाठवतात. 'हा आणल्यापासून घरात काही ना काही बिघडतंय,' असा मजकूर त्यात असतो. पण ते तुकडे पुन्हा जागेवर ठेवता येत नाहीत, कारण नेमके कुठले ते कुणालाच माहीत नसतं. त्यांचा वेगळा ढीग आहे.

हवाच असेल तर पार्कच्या बाहेर खाजगी जमिनीतलं दगडी लाकूड विकणारी दुकानं आहेत. पावती जपून ठेवा. आईने होलब्रूकला एक लालसर, घासून गुळगुळीत केलेला तुकडा घेतला. तो आता देव्हाऱ्यात शाळिग्रामाशेजारी आहे. मी नाक मुरडलं, तर बाबा म्हणाले, "शाळिग्राम तरी काय, समुद्रातल्या प्राण्याचा दगडच ना?" पावती आईने तुकड्याखालीच घडी घालून ठेवली आहे.