नव्या कॉम्प्युटरवर सामान हलवताना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा मोफत सपोर्ट संपला आणि बऱ्याच घरांत, दुकानांत विंडोज ११ची मशीन्स आली. फाइली कॉपी होतात, प्रोग्रॅम होत नाहीत. प्रोग्रॅम इन्स्टॉल होताना रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) नोंदी करतो, इतर फोल्डरांतही फाइली टाकतो. ‘प्रोग्रॅम फाइल्स’ फोल्डर उचलून नेला तर त्या मागेच राहतात. म्हणून प्रोग्रॅम नव्याने टाकायचे. जुन्या मशीनवरच्या ‘अ‍ॅप्स’च्या यादीचे मोबाइलने फोटो काढा आणि खरोखर लागणारेच निवडा.

लायसन्सचं काम जुनं मशीन चालू असतानाच उरका. टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमचं लायसन्स आधी जुन्यावर सरेंडर (म्हणजे परत), मग नव्यावर अ‍ॅक्टिव्हेट. टॅलीचा डेटा सहसा ‘डॉक्युमेंट्स’मध्ये नसतो. कंपनी निवडायच्या स्क्रीनवर त्याचा पाथ दिसतो. तिथे आकड्यांच्या नावाचे फोल्डर असतात, प्रत्येक फोल्डर म्हणजे एक कंपनी. टॅली बंद करून ते सगळे घ्या.

मराठी टायपिंग करणाऱ्यांचा घोळ फॉन्टवर होतो. श्रीलिपी, कृतीदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये ‘क’चा आकार इंग्रजी अक्षराच्याच जागी बसवलेला असतो. नव्या मशीनवर तो फॉन्ट नसेल तर लग्नपत्रिकेच्या फाइलीत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाइल बिघडलेली नसते, त्यामुळे घाबरून ती सेव्ह करू नका. फॉन्ट टाकून पुन्हा उघडा. फॉन्ट दोन ठिकाणी शोधावे लागतात: ‘विंडोज’मधला ‘फॉन्ट्स’ फोल्डर आणि युजरच्या लपवलेल्या ‘अ‍ॅपडेटा’तला. दुसरी जागा हमखास विसरली जाते.

आता फाइली. पेनड्राइव्हचा फॉरमॅट फॅट३२ हा जुना प्रकार असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जात नाही, मग जागा कितीही असो. त्यावरचं सगळं दुसरीकडे ठेवून तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. २०० जीबी डेटा यूएसबी ३च्या हार्डडिस्कवर सेकंदाला १०० एमबी वेगाने ३५ मिनिटांत जायला हवा. पण हजारो छोटे फोटो असतील तर दुप्पट वेळ धरा. वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यामध्ये ज्या फाइलीवर निळा ढग दिसतो ती मशीनवर नसतेच. राइट क्लिक करून ‘कायम या डिव्हाइसवर ठेवा’ निवडा, उतरू द्या, मग कॉपी करा. कट कधीच नको. मध्येच वायर हलली तर अर्धं इकडे, अर्धं तिकडे.

कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरची प्रॉपर्टीज उघडून फाइलींची संख्या आणि ‘साइझ’ जुळवा. ‘साइझ ऑन डिस्क’ वेगळी दिसली तरी चालते, ती डिस्कच्या फॉरमॅटप्रमाणे बदलते.

आउटलुक (ईमेलचा प्रोग्रॅम) बंद करून त्याची पीएसटी फाइल घ्या, मशीनवर साठवलेले मेल तिच्यात असतात. ओएसटी (सर्व्हरवरच्या मेलची प्रत) सोडून द्या, ती सर्व्हरवरून पुन्हा तयार होते. क्रोमचे पासवर्ड फोल्डर कॉपी करून येत नाहीत, कारण ते त्या मशीनवरच्या विंडोज अकाउंटला बांधलेले असतात. क्रोमचं सिंक वापरा, किंवा पासवर्डची सीएसव्ही (साध्या तक्त्याची फाइल) काढून नव्यावर इम्पोर्ट करा आणि ती सीएसव्ही लगेच कायमची डिलीट करा, त्यात पासवर्ड उघडे लिहिलेले असतात.

जुनी डिस्क काढून यूएसबीने जोडायच्या केसिंगमध्ये (डबीत) घालणार असाल तर आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ आकडी रिकव्हरी की लिहून ठेवा. ती डिस्क निदान महिनाभर फॉरमॅट करू नका. पुढचा जीएसटी रिटर्न भरताना काहीतरी राहिलेलं आठवतंच.