बबल मेमरी डिझाइन करायचीये? लूप नंतर, आधी बबल

मॅग्नेटिक बबल मेमरी, म्हणजे पातळ फिल्ममधल्या बारीक गोल मॅग्नेटिक भागांत (बबलमध्ये) डेटा साठवणारी मेमरी, समजून घ्यायला बसलं की बहुतेक जण लगेच लूप (बबल फिरायचे बंद मार्ग) किती, बिट किती यात शिरतात. पण सगळं ठरतं ते बबलच्या साइजवर, म्हणून सुरुवात तिथूनच करा.

गॅडोलिनियम गॅलियम गार्नेटच्या वेफरवर मॅग्नेटिक गार्नेटची पातळ फिल्म वाढवायची. डोमेन वॉलची (बबलच्या मॅग्नेटिक सीमेची) एनर्जी आणि मॅग्नेटायझेशन यांवरून त्या मटेरियलची एक लांबी निघते, आणि बेल लॅब्सच्या थीलेच्या गणितानुसार फिल्मची जाडी त्या लांबीच्या 4 पट घेतली की बबलचा व्यास साधारण 8 पट येतो. समजा लांबी 0.4 मायक्रॉन आहे, तर जाडी 1.6 आणि व्यास 3.2. हा आकडा हातात आला की पुढची मापं आपोआप लागतात, बबल ज्यावरून सरकतात त्या पर्मलॉयच्या (निकेल-लोखंड मिश्रधातूच्या) पॅटर्नचा पिरियड व्यासाच्या 4-5 पट ठेवा, आणि टी-बार (T आणि I आकाराच्या पट्ट्या) वापरत असाल तर मधली गॅप व्यासाच्या निम्म्याच्या आसपास. शेवरॉन (V सारखे आकार) घेतलेत तर गॅप जराशी मोठी चालते, मी तरी शेवरॉनच घेईन, लिथोग्राफीचा (चिपवर बारीक आकार छापण्याचा) ताण कमी होतो.

आता बायस फील्ड, म्हणजे बबल टिकवून ठेवणारं स्थिर मॅग्नेटिक फील्ड. इथे अजिबात घाई करू नका. फील्ड कमी पडलं तर बबल लांबून पट्टी होतो, जास्त झालं तर मिटूनच जातो, आणि गार्नेट तापलं की या दोन्ही मर्यादा खाली सरकतात, त्यामुळे हे फील्ड देणारा पर्मनंट मॅग्नेटही तापमानासोबत तितकाच उतरणारा हवा, म्हणून बेरियम फेराइट. खोलीच्या तापमानाला मार्जिन मस्त दिसलं म्हणून खूश होऊ नका, गार आणि गरम दोन्ही टोकांना मोजा.

एका लांब लूपऐवजी छोटे लूप का करायचे ते इंटेलच्या 7110 या बबल मेमरी चिपवर बघा. कॉइलमधून 50 किलोहर्ट्झला फिरणारं फील्ड, एका फेऱ्यात बबल एक घर पुढे. 10,48,576 बिट एकाच लूपमध्ये घातले असते तर पूर्ण चक्कर जवळपास 21 सेकंदांची! 4096 बिटांचे छोटे लूप केले की तीच 82 मिलिसेकंदांवर येते. चिपवर लूप 320, वापरायचे 272, म्हणजे थोडे खराब निघाले तरी चिप फेकावी लागत नाही, फक्त कुठले खराब ते बूटलूपमध्ये (त्यासाठीच्या वेगळ्या लूपमध्ये) लिहून ठेवायचं.

आणि पॉवर गेली की कॉइलचा करंट मधेच तोडू नका, फील्ड ठरलेल्या फेजला आणूनच थांबवा, तेवढ्यापुरता चार्ज कपॅसिटरमध्ये राखून ठेवा.